रेल्वेतला तो गृहस्थ कोण होता?

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक अमरावतीला, दुसरा अकोल्याला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे धर्मांतर दोघांनीही वर्गात किमान पंधरा वेळा शिकवले असेल. प्रसंग दरवर्षी तोच: १८९३ साल, नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली आगगाडी, डब्यात समोर बसलेला एक गोरा गृहस्थ, त्याच्याशी रंगलेले धर्मविषयक बोलणे, निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती ठेवलेला ग्रंथ आणि 'दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल' हे त्याचे भाकीत. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. इथे साधारणतः तास संपल्याची घंटा होते आणि आम्ही खडू खाली ठेवतो.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या तोंडून हा प्रसंग सांगताना 'मग त्या फादरने टिळकांना' असे वाक्य गेले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती वर्गात बोलत नसे. म्हणाली, "फादर कॅथलिकात असते सर. ते आमच्या मंडळीचे होते." कोणत्या मंडळीचे, असे विचारल्यावर म्हणाली, "फ्री मेथडिस्ट. आमचं घर यवतमाळकडचं आहे." 'फ्री' हा शब्द ऐकून वर्गातून कोणीतरी "काय काय फ्री भेटते?" असे विचारले. वर्ग हसला. आम्हीही हसलो. मुलगी खाली बसली आणि त्या वर्षी पुन्हा उभी राहिली नाही.

ती बरोबर होती आणि आम्ही चूक होतो, एवढाच मुद्दा असता तर एक दुरुस्ती करून प्रकरण मिटले असते. त्या गृहस्थाचे नाव अर्नेस्ट वॉर्ड. तो अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट पंथाचा. १८८१ च्या जानेवारीत तो पत्नी फिबी हिच्यासह हिंदुस्थानात उतरला आणि प्रथम बऱ्हाणपुरात राहिला. पुढे त्याच्या मिशनचे मुख्य ठाणे यवतमाळ झाले. म्हणजे आधुनिक मराठी ख्रिस्ती कवितेच्या उगमापाशी जो 'अनोळखी' माणूस आम्ही वर्षानुवर्षे उभा करत आलो, त्याच्या मिशनचे बिऱ्हाड आमच्याच वऱ्हाडात होते. त्याच्या मंडळीतल्या घरची मुलगी आमच्याच वर्गात बसली होती, आणि तिने ओळख सांगितली तेव्हा तिच्या वाट्याला काय आले, तर हशा.

आमचा आरोप पहिल्यांदा आमच्यावर आणि मग वऱ्हाडातल्या एकूण मराठी विभागांवर आहे. टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी ही नावे अभ्यासक्रमात घ्यायची, त्यांच्यावर प्रश्न काढायचे, 'ख्रिस्ती मराठी साहित्याचे योगदान' या विषयावर चर्चासत्रे भरवायची, आणि ही माणसे नेमके काय मानत होती, कोणत्या मंडळीत बसत होती, त्या मंडळीचे नियम काय होते हे मात्र जाणून घ्यायचे नाही. या अज्ञानाला आपण उदारमतवाद असे नाव दिले आहे. 'धर्म ही वैयक्तिक बाब आहे, आपण साहित्य पाहावे' हे वाक्य आम्ही मौखिक परीक्षांत इतक्यांदा ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर म्हटलेही आहे, की त्यातली लबाडी आता आम्हाला स्वच्छ दिसते.

कारण हाच न्याय आपण इतरांना लावत नाही. 'लीळाचरित्र' उघडण्यापूर्वी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आम्ही फळ्यावर लिहितो. पंचकृष्ण सांगतो, अटन आणि भिक्षा यांचे नियम सांगतो. रिद्धपूर अमरावतीपासून तासाभराच्या अंतरावर आहे. मुलांना तिथे घेऊन जातो. महानुभावांचे तत्त्वज्ञान ठाऊक नसताना 'लीळाचरित्रा'वर बोलणारा प्राध्यापक आमच्या भागात हास्यास्पद ठरेल. एके काळी त्या पंथाविषयीही अज्ञान आणि आकस यांचा सुकाळ होता, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते यांच्यासारख्यांनी पोथ्यांत आयुष्य घातले तेव्हा कुठे तो थोडा निवळला. त्यांना कोणी महानुभाव पंथाचे प्रचारक म्हटले नाही. मग वेस्लीची चार तत्त्वे फळ्यावर लिहिली की तो धर्मप्रचार कसा होतो?

'ख्रिस्ती' हा एकच शब्द वापरून आपण काय काय एका गोणीत भरतो ते पाहावे. नागपुरात १८४५ साली काम सुरू करणारा स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश फ्री चर्चचा, म्हणजे प्रेस्बिटेरियन. बाबा पदमनजीही त्याच परंपरेतले. टिळकांनी प्रवेश केला तो अमेरिकन मराठी मिशनमध्ये, जिचा कारभार काँग्रिगेशनल पद्धतीचा. अकोला, अमरावती, खामगाव या पट्ट्यात पसरले ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम. जेनी फुलर ही त्यांच्यातली, आणि तिच्या हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवरील १९०० सालच्या पुस्तकाला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. यवतमाळ फ्री मेथडिस्टांचे. मुंबईत विल्यम टेलरने १८७१-७२ च्या सुमारास उभे केले ते मेथडिस्ट एपिस्कोपल. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ चा, त्याची घडणच निराळी. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे, तो आणखी वेगळ्या मिशनचा. या सगळ्यांना 'मिशनरी' म्हणणे म्हणजे वारकरी, नाथ, महानुभाव, लिंगायत आणि समर्थ संप्रदाय यांना 'बुवा' म्हणण्यासारखे आहे.

असो. लाज वाटली म्हणून का होईना, आम्ही शिकायला गेलो. त्या मुलीच्या ओळखीने एका गावच्या पाळकांनी आम्हाला बसू दिले. त्यांच्याकडे पूर्ण सभासदत्वाआधी मुलांचा शिक्षणवर्ग असतो. तेरा-चौदा वर्षांची नऊ मुले, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक प्रश्नोत्तरांची पुस्तिका आणि मागे चाळिशी उलटलेले आम्ही दोन मास्तर. चार रविवार गेलो. पहिल्या रविवारी पाळकांनी 'कृपा म्हणजे काय?' असा प्रश्न आमच्याकडे टाकला. आम्ही 'अनुग्रह' वगैरे काहीबाही बोललो. एका मुलाने शांतपणे उत्तर दिले: आपण लायक नसताना देव देतो ती.

तिथे जे कळले ते आमच्या विषयाशी निगडित असल्यामुळे थोडे सविस्तर सांगतो. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) आणि त्याचा भाऊ चार्ल्स हे इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधलेच. ऑक्सफर्डमध्ये ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या दिवशी उपवास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी असा त्यांचा नेम असे, म्हणून इतर विद्यार्थ्यांनी चिडवायला ठेवलेले नाव 'मेथडिस्ट', नेमवाले. टिंगलीचे नाव त्यांनी मिरवले. (आमच्या वर्गातला हशा आठवून आम्ही तिथे खाली पाहिले, हे नमूद केले पाहिजे.) १७३९ पासून वेस्ली ब्रिस्टॉलजवळ खाणमजुरांपुढे उघड्या माळावर बोलू लागला, कारण चर्चच्या इमारतीत ही माणसे येत नव्हती आणि आली असती तर कोणाला चालली नसती.

त्याचा कॅल्व्हिनच्या अनुयायांशी वाद होता. देवाने कोणाला तारायचे ते आधीच निवडून ठेवले आहे, असे ते म्हणत. वेस्ली म्हणे, कृपा सर्वांसाठी आहे. ती माणसाच्या शोधाच्याही आधी येते, तिला होकार किंवा नकार देणे माणसाच्या हाती असते. त्या होकारानंतर माणूस देवापुढे नीतिमान ठरतो, आणि तिथे न थांबता त्याचे पवित्रीकरण सुरू होते, म्हणजे मन प्रीतीने पूर्ण भरून जाईपर्यंतचा प्रवास. नियम तीनच: कोणाचे वाईट करू नये, जमेल तेवढे भले करावे, आणि प्रार्थना, वचन, प्रभुभोजन ही देवाने नेमून दिलेली साधने सोडू नयेत. १७४२ साली ब्रिस्टॉलच्या प्रार्थनागृहावरचे कर्ज फेडण्यासाठी बारा-बारा जणांचे गट करून प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची टूम निघाली. वसुलीला घरोघर जाणाऱ्याला घराघरातली दारू, आजार, भांडणे दिसू लागली, आणि वसुलीचा गट एकमेकांची विचारपूस करण्याचा वर्ग होऊन बसला. पंथाची मजबुती त्या वर्गात होती.

आणि 'फ्री'? अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चमध्ये पुढे श्रीमंती आली. पुढची बाके भाड्याने दिली जाऊ लागली. ज्याचा पैसा जास्त त्याची जागा पुढे. १८६० साली न्यूयॉर्क राज्यात बी. टी. रॉबर्ट्स आणि त्याचे सोबती वेगळे झाले. बाके सर्वांना मोफत, गुलामगिरीला विरोध, गुप्त मंडळांना मनाई, उपासनेत आत्म्याचे स्वातंत्र्य. त्या 'फ्री' शब्दात हे सगळे आहे. पैसा नसलेल्यालाही पुढच्या बाकावर बसता यावे म्हणून निघालेला हा शब्द, आणि आमच्या वर्गात त्याच्यावर हसण्यात आले.

आता कोणी म्हणेल, ही सगळी माहिती ठीक, पण तिच्यावाचून 'स्मृतिचित्रे' वाचायचे अडते कुठे? अडते, आणि फार महत्त्वाच्या ठिकाणी अडते.

२४ मे १७३८ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत आपले हृदय विलक्षण उबदार झाले, असे वेस्लीने रोजनिशीत लिहून ठेवले. दिवस, वेळ, जागा. त्याआधीचा मी आणि त्यानंतरचा मी. असे अनुभव चारचौघांत उभे राहून सांगण्याला मराठी मंडळींत 'साक्ष देणे' म्हणतात. ही रीत एकट्या मेथडिस्टांची नव्हे, पण खाणमजुराच्या आणि मोलकरणीच्या तोंडी ती घालण्याचे काम त्यांनी मोठ्या प्रमाणावर केले. साक्ष हा एक साहित्यप्रकार आहे. तिची ठरलेली घडण आहे: अंधार, संकट, तो क्षण, पालट. पंडिता रमाबाईंचे १९०७ सालचे आत्मनिवेदन उघडउघड 'साक्ष' याच नावाचे आहे. ही घडण डोळ्यांपुढे असेल तरच १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या 'स्मृतिचित्रां'त लक्ष्मीबाईंनी काय केले ते दिसते. ज्या समाजात प्रत्येक जण आपला क्षण तारखेनिशी सांगतो त्या समाजात राहून त्या तसा क्षण रंगवत नाहीत. जातीच्या विटाळाविषयी त्यांचे मन हळूहळू, घरगुती प्रसंगांतून, स्वतःची थट्टा करत पालटत जाते. साक्षीची अपेक्षा करणाऱ्या वाचकाला त्या हसत हसत स्वयंपाकघरात घेऊन जातात. हा त्यांचा भाबडेपणा नव्हे. ती निवड आहे. आमची पाठ्यपुस्तकी समीक्षा मात्र 'साधी, निरागस शैली' म्हणून मोकळी होते. ज्या साच्याला त्यांनी नकार दिला तो साचाच आम्हाला ठाऊक नाही.

रमाबाईंचेही तेच. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चात त्यांचा बाप्तिस्मा झाला हे आम्ही सांगतो, आणि १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले त्यापाशी आलो की घसा खाकरून पुढचे पान उलटतो. समाजसुधारक रमाबाईंच्या तसबिरीत ते बसत नाही. तिथे रमाबाईंबरोबर काम करणारी मिनी अब्राम्स मूळची मेथडिस्ट मिशनरी होती, १८८७ मध्ये मुंबईला आलेली. पवित्रीकरणाचा वेस्लीचा विचार अमेरिकेतून कोणत्या वळणाने केडगावला पोचला, हा मराठी धार्मिक इतिहासातला एक महत्त्वाचा प्रश्न आहे. आम्ही त्याला 'उन्माद' म्हणतो किंवा काहीच म्हणत नाही.

टिळकांविषयी तर दर वर्षी उत्तरपत्रिकांत एक वाक्य ठरलेले: '१९१७ मध्ये टिळकांनी मिशन सोडले, यावरून त्यांचा ख्रिस्ती धर्माविषयी भ्रमनिरास झाल्याचे दिसते.' आम्ही या वाक्याला गुण दिले आहेत. मिशन म्हणजे परदेशी पैशावर चालणारी संस्था, मंडळी म्हणजे ख्रिस्ती माणसांचा समुदाय, हा प्राथमिक भेद ज्याला माहीत आहे तो असे लिहिणार नाही. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापला, तो ख्रिस्तासाठीच, जातपात आणि परदेशी आश्रय यांच्यापलीकडे.

आमच्या एका सहकारी मित्राचा आक्षेप रोखठोक आहे. दुष्काळात पोटासाठी धर्म बदललेल्यांचा इतिहास काय शिकवायचा, असे तो विचारतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत वऱ्हाडात मिशनांनी अनाथालये काढली, त्यांतली मुले ख्रिस्ती म्हणून वाढली, हे खरे आहे. मिशनऱ्यांना इंग्रजी राज्याचे छत्र सोयीचे होते आणि त्यांच्या लेखनात इथल्या देवाधर्माविषयी तुच्छता आढळते, हेही खरे आहे. आम्ही कोणाचे वकीलपत्र घेतलेले नाही. परंतु भाकरीसाठी आलेला माणूस भाकरी मिळाल्यावर का थांबला, त्याची चौथी पिढी आजही रविवारी 'उपासना संगीत' काखेत धरून का निघते, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही. टिंगलीसाठी माहिती लागत नाही, टीकेसाठी लागते. मित्राकडे टीका नाही.

संख्येचा आक्षेपही येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहून कमी. विद्यापीठात वाङ्मयाची निवड टक्केवारीने होत असेल तर तसे एकदा जाहीर करावे. शिवाय अज्ञान निरुपद्रवी राहत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा विरोधाचे जे सूर उमटले, त्यांत वसईच्या पोर्तुगीजकालीन कॅथलिक समाजातला एक मराठी लेखक आणि वऱ्हाडात बैलगाडीतून हिंडणारा अमेरिकन प्रॉटेस्टंट यांच्यात फरक करण्याची कोणाला गरज वाटली नाही. त्या दिवसांत आमच्या प्राध्यापक कक्षांतली चर्चा याहून फार वरच्या पातळीवर नव्हती.

आता दुसरी बाजू. चार रविवारांत आम्हाला मंडळीविषयीही तक्रार सापडली, आणि ती पाळकांना तोंडावर सांगितली आहे. त्या नऊ मुलांना वेस्लीचे जन्मगाव एपवर्थ ठाऊक होते. अर्नेस्ट वॉर्ड ठाऊक नव्हता. ज्या इमारतीत ती बसली होती ती कोणी बांधली, या प्रश्नाला 'साहेबाच्या काळात' एवढेच उत्तर मिळाले. १९५३ ते १९८३ ही तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळात होती, मग पुण्याला गेली; देशभरातले तरुण धर्मशिक्षणासाठी आपल्या जिल्ह्यात येत असत हे एकाही मुलाला माहीत नव्हते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. ब्रिटिश वळणाचे मेथडिस्ट तिच्यात गेले, अमेरिकन वळणाचे मोठे मेथडिस्ट चर्च ऐन वेळी बाहेर राहिले आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झाले. आपल्या शेजारच्या शहरात घडलेली ही गोष्ट मुलांच्या पुस्तिकेत नाही. इंग्लंडहून पुस्तिका थेट आजवर उडी मारते. मधला वऱ्हाड गायब.

याचे एक कारण पंथाच्या रचनेतच आहे. मेथडिस्ट पाळक एका गावी कायमचा नसतो. वार्षिक परिषदेत नेमणुका होतात, काही वर्षांनी बदली. वेस्लीला हे मुद्दाम हवे होते. पण त्यामुळे गावातल्या मंडळीची आठवण पाळकाकडे साचत नाही. ती राहते जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडे आणि त्यांच्याबरोबर जाते. मिशनचे अहवाल इंग्रजीत आणि बहुतेक अमेरिकेत. त्यांत गोऱ्या माणसांची पूर्ण नावे. गावोगाव पायी हिंडलेल्या मराठी 'बायबल बाई'चे अनेकदा नुसते पहिले नाव, तेही इंग्रजी उच्चाराने ओळखू न येणारे. मराठीत हा इतिहास लिहिण्याची जबाबदारी मंडळीने घेतली नाही आणि मराठी विभागांनीही घेतली नाही. पाळकांचे म्हणणे असे की लिहिणारी माणसे तुमच्याकडे आहेत. ते खोटे नाही.

तेव्हा आमची मागणी अगदी मर्यादित आहे. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत जिथे जिथे टिळक किंवा लक्ष्मीबाई अभ्यासक्रमात असतील तिथे पहिले दोन तास पंथांच्या ओळखीसाठी राखावेत, आणि पदव्युत्तर प्रकल्पांत दरसाल निदान एक विद्यार्थी आपल्या गावच्या मंडळीची बाप्तिस्म्याची आणि दफनाची जुनी वही वाचायला, उतरवायला बसवावा. धर्म कोणताही असो. वही वाचता आली म्हणजे झाले. हे आम्ही दोघांनी आपापल्या विभागात मांडले. एके ठिकाणी 'पुढील बैठकीत विचार करू' असे ठरले, दुसरीकडे 'नाजूक विषय आहे' म्हणून कार्यवृत्तात नोंदही झाली नाही.

ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते. तिला आम्ही क्षमा मागणारे पत्र लिहिले होते. उत्तरात तिने त्या हशाविषयी काही लिहिले नाही. आजीला विचारून गावातल्या चार बायबल बायांची नावे मात्र पाठवली. दोघींची आडनावे आजीला आठवली. उरलेल्या दोघींची दफनाच्या वहीत पाहावी लागतील, असे तिने कळवले आहे.